पहिली रायफल: एकनळी घ्यावी की दुनळी?

«काका, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी इथली शिकारीची परीक्षा पास झालो, याग्टशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, हातात आहे. श्वेबिश आल्ब या डोंगररांगेवर ओळखीच्या एका गृहस्थांच्या रानात जातो आणि त्यांचीच रायफल वापरतो. बहुतेक वेळा मचाणावरून रो हरीण, कधी रानडुक्कर. नोव्हेंबरात एखाद-दुसरा हाका, म्हणजे जनावरं उठवून हाकलत आणायची शिकार. आता स्वतःची रायफल घ्यायची आहे, एकदाच आणि चांगली. सात-आठ हजार युरो बाजूला काढलेत. आमच्या घरी आजोबांचा दुनळी रायफल घेतलेला संस्थानी काळातला फोटो आहे, त्यामुळे लहानपणापासून मनात दुनळीच आहे. इथले मित्र म्हणतात, एकनळी किपलाऊफ घे. बंदुकांसाठी नावाजलेल्या झूल (Suhl) या जर्मन गावची एक जुनी दुनळी मी बघून ठेवली आहे. नळीवर ८×५७ असं काहीतरी कोरलंय आणि किंमत आवाक्यातली आहे. घेऊ का? पुढेमागे भारतात परतलो तर सोबत आणता येईल का? बायको म्हणते, आधी कुणा जाणकाराला विचार. म्हणून हे पत्र.»
— एक वाचक, स्टुटगार्ट

नमस्कार. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तुमच्या रानासाठी एकनळी घ्या. दुनळीचा नाद सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही तो आहे. पण पहिली रायफल म्हणून दुनळी नको. आणि झूलच्या त्या जुन्या दुनळीला, खाली सांगतो ते तपासल्याशिवाय एक युरोही इसार देऊ नका.

आल्बवर तुम्ही करता काय? उन्हं कलली की मचाणावर चढता, कठड्यावर रायफल टेकवता आणि वाट बघता. हरीण बीचच्या झाडांतून कुरणाच्या कडेला येतं, साठ-सत्तर मीटरवर, फार तर दीडशेवर. उभं राहतं. तुम्हाला नेम धरायला वेळ मिळतो. लाल हरीण तुमच्याकडे नाहीच. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ते ठरवून दिलेल्या पाच भागांतच ठेवलंय आणि त्यातला तुम्हाला जवळचा म्हणजे शोनबुखचं जंगल. तेव्हा तुमच्या वाट्याला येणारी शिकार बहुतेक वेळा एका गोळीची, टेकवून मारलेल्या नेमाची आहे. एकनळी नेमकी याच कामासाठी घडवलेली असते.

किपलाऊफ म्हणजे बिजागरीवर मोडणारी एकनळी. मागेपुढे होणारा बोल्ट नसल्यामुळे तेवढ्याच लांबीच्या नळीची बोल्टवाली रायफल हिच्यापेक्षा बरीच लांब भरते. वजन दुर्बिणीशिवाय अडीच ते तीन किलो. दोन तुकडे करून पाठपिशवीत मावते. दुर्बिणीचा माउंट नळीवरच बसवलेला असतो, त्यामुळे रायफल सोडून पुन्हा जोडली तरी नेम हलत नाही. आणखी एक गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो: हाताने ताणायचा घोडा. भरलेल्या रायफलीतली स्प्रिंग सैलच असते. अंगठ्याने मागची कळ पुढे ढकलली की ती ताणली जाते आणि मारायचं नसेल तर पुन्हा उतरवता येते. नुसता चाप अडवणाऱ्या जुन्या सेफ्टीपेक्षा हे शंभर पटीने बरं. मचाणावर चढता-उतरताना मात्र काडतूस काढायचंच, तिथे कुठल्याही यंत्रणेवर विसंबायचं नाही.

नावं विचाराल तर तुमच्या दारातच दोन आहेत. इझ्नीची ब्लाझर आणि उल्मची क्रीगहोफ. ब्लाझरची के ९५, क्रीगहोफची हुबर्टुस, आणि थ्युरिंगियातल्या झूलची मेर्केल, तिच्या एकनळ्या के ३ आणि के ५. तिन्ही चांगल्या. मला विचाराल तर के ९५ कडे माझा कल आहे. तिच्यात एक ठोकळा नळीच्या मागच्या भागात अडकून बसतो आणि स्फोटाचा ताण नळी आणि ठोकळा आपसातच पेलतात, चौकटीवर, म्हणजे नळी जिथे बसते त्या मधल्या भागावर, येत नाही. म्हणूनच चौकट एवढी हलकी ठेवता आली. दुसरं असं की तिला वेगळ्या मापाची नळी नंतर घेता येते, आणि जुन्या बाजारात तिला नेहमी गिऱ्हाईक असतं. पण दुकानात हुबर्टुस खांद्याला जास्त चपखल बसली तर माझा कल विसरून जा आणि हुबर्टुस घ्या.

खांद्याला बसते की नाही हे असं बघा. दुकानात जाताना रानात घालता तोच जाड कोट घालून जा. रिकामी रायफल हातात घ्या, डोळे मिटा, नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण आणि काठाला काळी कड न येता दिसलं पाहिजे. मान पुढे काढावी लागली तर दस्ता लांब आहे. जर्मनीतले तयार दस्ते तिथल्या अंगलटीच्या हिशेबाने बनतात आणि आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब पडतात. कापून घ्यायला बंदूककाराला फार वेळ लागत नाही. विकत घेतानाच ते ठरवून घ्या. लाकूड बघताना मुठीच्या जागेकडे बघा. तिथे रेषा सरळ, मुठीला धरून गेलेल्या हव्यात. नक्षीदार भोवरे मागे, दस्त्याच्या पसरट भागात शोभतात, मुठीत आले तर तिथूनच तडा जातो.

काडतूस. ७×६५ आर घ्या. आधीचे आकडे म्हणजे गोळीचं माप आणि काडतुसाच्या कोशाची लांबी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा आर म्हणजे काडतुसाच्या बुडाला कडा आहे, आणि मोडणाऱ्या रायफलीत रिकामं काडतूस त्या कडेला धरून खात्रीने बाहेर येतं. बिनकड्याची काडतुसंही या रायफलींत चालवतात, पण तिथे एक बारीक स्प्रिंगवाली नखी सगळं काम करते. थंडीत, ओल्या हातांनी, चिखलात मला कड्याचंच बरं वाटतं. जर्मनीचा कायदा रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीची किमान १००० ज्यूल ऊर्जा मागतो. डुक्कर आणि मोठ्या हरणांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. ७×६५ आर दोन्हीकडे आरामात बसतं आणि हलक्या रायफलीत खांदाही फोडत नाही. कुणी ९.३ मिलिमीटरची एकनळी सुचवली तर नाही म्हणा. अडीच किलोच्या रायफलीत तो धक्का सहन करता करता माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि ती सवय जाता जात नाही.

एकनळीवर आक्षेप एकच आणि तो खरा आहे: जनावर जखमी झालं तर दुसरी गोळी? उत्तर सरावात आहे. दुसरं काडतूस हाताशी ठेवा आणि रेंजवर मोडणं, काढणं, भरणं, ताणणं हे नजर निशाणावरून न हलवता जमेपर्यंत करा. तरी जनावर निघून गेलंच तर थांबायचं, जागेवर खूण करायची आणि माग काढणाऱ्या कुत्र्याला बोलवायचं. ते तुम्हाला परीक्षेत शिकवलंच आहे.

आता दुनळी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमचं मन तिथे आहे आणि दुनळीच्या किमतीचं खरं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. लोकांना वाटतं कोरीवकामाचे पैसे आहेत. कोरीवकामाचे असतातच, पण मुख्य पैसे जातात नळ्यांच्या जुळवणीत.

शेजारी-शेजारी दोन नळ्या असल्या की उजवी नळी रायफलीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असते. ती उडवली की धक्क्याने सगळी रायफल वर आणि उजवीकडे वळते, आणि गोळी अजून नळीतच असताना हे वळणं सुरू झालेलं असतं. डावीचं उलट. म्हणून नळ्या समांतर ठेवून चालत नाही, तोंडाकडे त्या किंचित एकमेकींकडे झुकवाव्या लागतात. किती, ते गणिताने नक्की निघत नाही. कारागीर दोन्ही नळ्यांच्या तोंडामध्ये पाचर बसवतो, डाख देतो, रेंजवर जाऊन उजवी-डावी एकेक गोळी मारतो, कागद बघतो. मग ज्योतीने डाख वितळवतो, पाचर केसभर सरकवतो, थंड होऊ देतो आणि पुन्हा मारतो. दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर शेजारी-शेजारी पडेपर्यंत हे चालतं. ऑस्ट्रियातल्या फेरलाख गावात सोळाव्या शतकापासून बंदुका घडताहेत. तिथे फान्झोय घराण्याचं काम १७९० पासून चालू आहे. त्यांच्या किंवा लंडनच्या मोठ्या घरांच्या दुनळीला तुम्ही जे मोजता, त्यातला मोठा वाटा या खटाटोपाचा आणि तो करू शकणाऱ्या हाताचा असतो.

आता यातली मेख बघा. ही जुळवणी एका ठरावीक काडतुसावर होते: अमुक वजनाची गोळी, अमुक वेग. गोळी मंद झाली तर ती नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात रायफल जास्त वळते आणि उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे फाकते. वेगवान झाली तर उलट, दोघी एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. आजोबांच्या काळात हा प्रश्न उन्हाळ्यामुळे यायचा. कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून इंग्लंडचे कारखाने भारतासाठी कमी दारूची काडतुसं वेगळी भरत आणि दुनळ्या त्यांवर जुळवत. त्या काळातली आणखी एक गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने ०.४५० इंची दारूगोळा भारतात आणायला बंदी घातली. त्याच मापाच्या मार्टिनी-हेन्री रायफली सरकारविरुद्ध वापरल्या जातील ही धास्ती होती. मग १९०७ च्या आसपास लंडनच्या कारागिरांनी ०.४६५ आणि ०.४७० इंची नवी काडतुसं बाजारात आणली. आज आफ्रिकेत हत्ती-रेड्यांसाठी जे ०.४७० सर्रास चालतं, त्याच्या जन्मात आपल्याकडच्या त्या बंदीचा हात आहे. तुमच्या आजोबांच्या हातात कुठलं माप होतं ते कागदपत्रांत सापडलं तर मला जरूर कळवा.

तुमच्या बाबतीत मेख वेगळी आहे: तांबं. तुमच्या राज्यात २०१६ पासून हरणा-डुकरांवर शिशाची गोळी चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून बहुतेक जण हलकी आणि वेगवान तांब्याची गोळी वापरतात. शिशावर जुळवलेल्या जुन्या दुनळीत ती घातली की दोन नळ्या दोन दिशांना बोलायला लागतात. एखादी दुनळी तांब्याची गोळी आपसूक स्वीकारते, हे मी पाहिलंय. पण ते नशीब आहे, त्यावर पैसे लावू नयेत. एकनळीत ही कटकटच नाही. गोळी बदलली की दुर्बिणीच्या चार टिचक्या फिरवल्या, झालं.

म्हणून म्हणतो, दुनळी पुढे घ्या, हाक्याची गोडी खरोखर लागली तर. डुक्कर झुडपातून सुटतं, दहा-वीस मीटरवरून आडवं जातं, तेव्हा दोन चापांच्या दोन गोळ्या आणि पळत्या जनावरामागे मऊ फिरणारी तोलदार रायफल यांची सर दुसऱ्या कशाला नाही. बोल्टवाल्या रायफलीत गोळ्या जास्त असतात आणि हाक्याला बहुतेक जण तीच आणतात, तेही चूक नाही. त्या वेळी ९.३×७४ आर मापाची, साडेतीन किलोच्या आसपासची दुनळी बघा. क्रीगहोफच्या क्लासिकमध्ये तोंडाशी हलवता येणारी पाचर आहे, त्यामुळे काडतूस बदललं तर डाख न वितळवता बंदूककार पुन्हा जुळवणी करू शकतो. तांब्याच्या जमान्यात हा मोठा गुण आहे. कुठलीही नवी दुनळी घ्या, करारात लिहून घ्या की अमुक कंपनीच्या, अमुक वजनाच्या तांब्याच्या गोळीवर जुळवून, निशाणाच्या कागदासकट द्यायची. तुमच्या सात-आठ हजारांत हे बसणं अवघड आहे. किंमत पाच आकड्यांत जाते.

आणि आता तुमची झूलची जुनी. झूलच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ८×५७ «असं काहीतरी» एवढ्यावर पुढे जाऊ नका. जिवाशी गाठ आहे. ८ मिलिमीटरची जर्मन रायफल दोन मापांची असते. जुनं माप आय: त्याची गोळी ०.३१८ इंच. नंतरचं एस: गोळी ०.३२३ इंच. कड्याच्या काडतुसात जुनं ८×५७ आयआर आणि नवं ८×५७ आयआरएस. दुकानात सहज मिळतं ते आयआरएस. ते जुन्या अरुंद नळीत घातलं तर मोठी गोळी लहान छिद्रातून जबरदस्तीने जाते, दाब भलताच चढतो आणि ही जुनी पातळ नळ्यांची दुनळी तो सोसेलच असं नाही. तेव्हा नळ्या उतरवून खालच्या चपट्या बाजूवरच्या खुणा बघा. शेवटी एस आहे का? गरुडाखाली एन ही धूरविरहित दारूच्या चाचणीची खूण आहे का? चाचणीचं वर्ष सांगणाऱ्या खुणाही तिथेच असतात. शंका आली तर उल्मचं सरकारी बंदूक-चाचणी कार्यालय, बेशुसाम्ट, तुमच्यापासून लांब नाही. नळीचं माप तिथे घेतात.

माप ठीक निघालं तर हे करा. पुढचा लाकडी भाग काढा, मूठ धरून रायफल हलकेच हलवा. नळ्या आणि चौकटीच्या सांध्यात टकटक जाणवली तर ढिलाई आहे. उजेडासमोर धरा, मागच्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग नळ्या सुट्या करा, खालच्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. कुठे पट्टी सुटली असेल तर आवाज बसका, फुटक्या भांड्यासारखा येतो. हा नाद एकदा कानात बसला की पुढे कधी फसाल असं वाटत नाही. त्यानंतर नळ्यांमध्ये आरसा घालून गंज आणि खड्डे बघा, आणि दोन्ही चाप रिकाम्या काडतुसावर, म्हणजे बफरवर, ओढून बघा. पुष्कळ जुन्या रायफलींत पुढे ढकलला की नुसत्या स्पर्शाने सुटणारा श्टेखर चाप असतो. मचाणावर तो ठीक, हाक्याला हातमोजे घालून जीवघेणा.

मग ती मारून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. मारण्याचीही रीत आहे. आधी उजवी, लगेच डावी, मग नळ्या हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबायचं. पुन्हा उजवी-डावी. असं चार-पाच वेळा. उजवीनेच एकापाठोपाठ पाच मारल्या तर एक नळी तापते, डाखाने जोडलेली दुसरी थंड राहते, सगळं किंचित वाकतं आणि कागदावर जे दिसतं त्याला काही अर्थ राहत नाही. विकणारा यातलं काहीच करू देत नसेल तर त्याला नमस्कार करून निघा. जर्मनीत दुसरी मिळेल. तरुण शिकारी या रायफलींकडे वळत नाहीत, त्यामुळे चांगल्या जुन्या दुनळ्या पडून असतात.

पैशाबद्दल एवढंच. सगळं रायफलीत घालू नका. संध्याकाळच्या अंधुक उजेडात चालणारी चांगली दुर्बीण आणि नीट बसवलेला माउंट यांना दोन-तीन हजार युरो लागतात. घरात बंदुका ठेवायची शून्य श्रेणीची तिजोरी नसेल तर तीही आली. रायफल घेतल्यावर दोन आठवड्यांत परवाना-पुस्तकात नोंद करायची. हा सगळा आकडा एका कागदावर लिहून बायकोसमोर ठेवा. नवी के ९५ कोरीवकामाशिवाय घेतली, किंवा चांगल्या ठेवलेल्या जुन्या एकनळीवर भागवलं, तर तुमचं बजेट पुरतं.

भारतात आणण्याचा विचार मात्र मनातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली इथे शिकार बंद आहे. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरांसाठी सरकार कधीमधी परवानगी देतं, ती बंदोबस्तापुरती असते. शस्त्र कायद्यात २०१९ साली बदल होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा राहिली. इथला परवाना, आयातीची परवानगी, सीमाशुल्क हे सगळं पार पाडलंत तरी ती कपाटातच राहणार. परतायची वेळ आली तर तिथेच चांगल्या हाती विका. के ९५ ला घेणारा मिळतोच.

झूलच्या दुनळीच्या नळ्यांखालच्या खुणांचा जवळून, चांगल्या उजेडात काढलेला फोटो मला पाठवा. दोन्ही नळ्यांचे वेगळे, अक्षरं वाचता येतील असे. विकणाऱ्याला तोपर्यंत होकार देऊ नका.